पहारा नव्हे, सोबत हवी

नागपूरहून वर्ध्याकडे येताना वर्धा शहराच्या थोडे अलीकडे पवनार लागते. धाम नदीचे पात्र, काठावरचे टेकाड आणि त्यावर विनोबांचा परमधाम आश्रम. १९३८ मध्ये प्रकृती ढासळलेली असताना विनोबा येथे आले. आश्रमाची जमीन खणताना त्यांना प्राचीन शिल्पे सापडली. राम-भरत भेटीचे प्रसिद्ध शिल्प त्यांतलेच. १९५९ मध्ये स्त्रियांच्या सामूहिक साधनेसाठी त्यांनी येथेच ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली. या आश्रमाचे एक वैशिष्ट्य मुद्दाम लक्षात घेण्यासारखे आहे. येथे कोणी एक प्रमुख नाही. श्रम सर्वांनी करायचे आणि निर्णय सर्वसंमतीने घ्यायचे. जो नियम करायचा तो सर्वांचा आणि पाळायचाही सर्वांनी.

आश्रमाच्या कुंपणापलीकडे मात्र चार गावांसारखेच गाव आहे. ज्या प्रश्नाने आज महाराष्ट्रातील प्रत्येक घर अस्वस्थ आहे, त्याला पवनार अपवाद असण्याचे कारण नाही. पहिली ते चौथीत शिकणाऱ्या, अजून बुटांची नाडी नीट बांधता न येणाऱ्या मुलांच्या हाती जगातील सर्व चांगले-वाईट दाखवणारा पडदा आला आहे. तो शाळेत आहे, घरात आहे, आजोळी आहे, शेजाऱ्याच्या ओट्यावर आहे. या मुलांचे रक्षण कोणी करायचे? शाळा म्हणते, मोबाइल घरचा आहे, पालकांनी पाहावे. पालक म्हणतात, गृहपाठ मोबाइलवर शाळाच पाठवते, शाळेने पाहावे. शासन म्हणते, कायदा केला आहे. या तिघांच्या मध्ये सात वर्षांचे मूल उभे आहे आणि ते एकटे आहे.

मोबाइल दप्तरात कसा शिरला?

मार्च २०२० पर्यंत प्राथमिक शाळेत मोबाइल निषिद्ध होता. कोरोनामुळे शाळांची दारे बंद झाली आणि कालपर्यंत जे निषिद्ध होते ते एका रात्रीत अनिवार्य झाले. केंद्रीय शिक्षण खात्याने जुलै २०२० मध्ये 'प्रज्ञाता' या नावाने मार्गदर्शक सूचना काढल्या. पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला ३० मिनिटांपेक्षा जास्त नाही, पहिली ते आठवीसाठी ३० ते ४५ मिनिटांची फार तर दोन सत्रे, अशी मर्यादा त्यात घातली होती. सूचना विचारपूर्वक होत्या. परंतु ती मर्यादा तासिकेला होती. तासिका संपल्यावर मुलाच्या हातातून मोबाइल परत घेणारे कोणी असेल, हे गृहीत धरले होते. कित्येक घरांत तसे कोणी नव्हते.

शाळा पुन्हा उघडल्या; मोबाइल मात्र आला तेथेच राहिला. वर्गाचे गट तसेच चालू राहिले, गृहपाठ गटावर येऊ लागला, स्वाध्याय, स्पर्धा, प्रतिज्ञा, प्रमाणपत्रे सारे काही त्याच चौकटीतून. मूल 'बाईंनी पाठवलेले बघायचे आहे' असे म्हणते, तेव्हा आईला नाही म्हणता येत नाही. बाईंचे पाहून दोन मिनिटांत होते. पुढचा तास कोणाचा, हे आईला कळत नाही.

या वाटेने पुढे गेलेली मुले कोठे पोहोचतात, याचा अंदाज 'प्रथम' संस्थेच्या 'असर २०२४' या ग्रामीण भारतातील पाहणीवरून येतो. १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांच्यापैकी ५७ टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. अभ्यासासाठी म्हणून आणलेले साधन प्रत्यक्षात कशासाठी अधिक वापरले जाते, हे सांगायला याहून निराळा दाखला नको. ही सवय चौदाव्या वर्षी अचानक लागत नाही. तिची मुळे पहिली-दुसरीत रुजलेली असतात.

धोका नेमका कोणता?

'मोबाइल वाईट' असे म्हणून हा विषय संपवता येत नाही. धोका नेमका ओळखला तरच उपाय नेमका करता येतो.

पहिला धोका पाहण्यातला. लहान मूल काही शोधून पाहत नाही. समोर येते ते पाहते. एक चित्रफीत संपली की यंत्र दुसरी आपोआप लावते आणि ती निवडताना मुलाचे हित नव्हे, तर ते किती वेळ खिळून राहील, एवढेच पाहिले जाते. २०१७ मध्ये यूट्यूबवर मुलांच्या आवडत्या कार्टून पात्रांची सोंगे घेतलेल्या, पण हिंसक आणि बीभत्स अशा असंख्य चित्रफिती उघडकीस आल्या, तेव्हा जगभरचे पालक हादरले होते. मुखपृष्ठ बालगीताचे आणि आतला मजकूर भलताच. शेजारच्या खोलीत स्वयंपाक करणाऱ्या आईला ऐकू येते ते फक्त गाण्याचे संगीत.

दुसरा धोका भेटण्यातला. मुलांच्या कित्येक खेळांत आता परक्या खेळाडूशी बोलण्याची सोय असते. समोरचा 'दहा वर्षांचा रोहन' खरोखर कोण आहे, हे मुलाला कळण्याचा मार्ग नाही. असा मनुष्य प्रथम कौतुक करतो, खेळातली नाणी किंवा हिरे भेट देतो, मग 'हे आपले गुपित, घरी सांगू नकोस' असे म्हणतो, मग एखादे छायाचित्र मागतो आणि ते हाती आल्यावर धमकी देतो. या साखळीतली सर्वांत महत्त्वाची कडी 'घरी सांगू नकोस' ही आहे. ती तुटली की पुढची साखळी जुळत नाही.

तिसरा धोका व्यापाराचा. सहा-सात वर्षांच्या मुलाला कार्यक्रम कोठे संपला आणि जाहिरात कोठे सुरू झाली, हे उमगत नाही. ते काय पाहते, कोठे थांबते, काय पुन्हा लावते, याची नोंद होते आणि त्या नोंदीचा व्यापार होतो. २०१९ मध्ये अमेरिकेत गूगल आणि यूट्यूबला याच कारणासाठी १७ कोटी डॉलर भरावे लागले. पालकांच्या संमतीवाचून मुलांची माहिती जमवून तिच्या आधारे जाहिराती दाखवल्याचा आरोप त्यांच्यावर होता. आपल्याकडे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली, हे स्वागतार्हच आहे. पण ज्यांत पैसे जिंकायचे नसतात, तर पुढच्या टप्प्यासाठी विकत घ्यायचे असतात, असे खेळ चालूच आहेत, आणि आईच्या मोबाइलवर आलेला ओटीपी वाचता येणे दुसरीतल्या मुलाला अवघड नाही.

चौथा धोका सवयीचा आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दोन वर्षांखालील मुलांना पडदा अजिबात नको, दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला एक तासापेक्षा अधिक नको आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी दोन तासांच्या आत, अशी मर्यादा सुचवली आहे. तीत झोप, मैदानी खेळ आणि घरच्यांशी बोलणे यांचा वेळ कमी होता कामा नये, हा मुख्य हेतू आहे.

आणि पाचवा धोका? त्याचे उगमस्थान परदेशात नाही, गुन्हेगारांत नाही. तो आपल्याच हौसेतून येतो.

कौतुकाचे छायाचित्र

शाळेत स्पर्धा झाली, शाळेने छायाचित्र टाकले. गणवेशावर शाळेचे बोधचिन्ह, खाली मुलीचे पूर्ण नाव, इयत्ता, गाव. वाढदिवसाला वडिलांनी घरचा फोटो टाकला, मामांनी तो पुढे पाठवला, मित्रांनी अभिनंदन केले. या सर्वांच्या मनात केवळ माया आहे. परंतु तीन-चार छायाचित्रे एकत्र ठेवली, की अनोळखी माणसाला त्या मुलीचे नाव, तिची शाळा, सुटण्याची वेळ, आईवडिलांची नावे आणि घराचे दार इतके सारे माहीत होते. शाळेच्या फाटकाशी उभा राहून तो तिला नावाने हाक मारू शकतो, आणि नावाने हाक मारणारा मुलांच्या लेखी परका नसतो. त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. साध्या छायाचित्रावरून अश्लील चित्र बनवायला आज कौशल्य लागत नाही, काही क्षण लागतात.

यात शिक्षकांना एकट्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल. वृक्षारोपण करा आणि फोटो पाठवा, हात धुवा आणि फोटो पाठवा, पोषण आहार वाढा आणि फोटो पाठवा, अशा आदेशांखाली जिल्हा परिषदेचा शिक्षक पिचला आहे. काम झाले याचा पुरावा म्हणून मुलांचे चेहरे वर पाठवण्याची ही पद्धत प्रशासनानेच थांबवली पाहिजे. उपक्रमाची नोंद वहीत होऊ शकते. फोटोच हवा असेल तर झाडाचा घ्यावा, मुलाचा कशाला?

सरकारी व्यवस्थाही निर्दोष नाहीत, हे राष्ट्रहिताची काळजी असणाऱ्यांनीच आधी म्हणायला हवे. 'दीक्षा' हे २०१७ मध्ये सुरू झालेले व्यासपीठ ही भारताची अभिमानास्पद निर्मिती आहे. कोट्यवधी विद्यार्थ्यांना तिचा लाभ झाला. परंतु तिच्याशी संबंधित माहितीसाठा संरक्षणाविना उघडा राहिल्याने लाखो शिक्षकांची आणि विद्यार्थ्यांची माहिती उघडी पडली होती, असे जानेवारी २०२३ मध्ये समोर आले. साधन स्वदेशी असणे आवश्यक आहे. ते पुरेसे नाही. स्वदेशी साधन निर्दोषही असले पाहिजे, कारण त्यात देशाची मुले आहेत. किल्ला आपला आहे म्हणून दिंडीदरवाजा उघडा ठेवण्याची चैन शिवकाळात कोणी केली नसती.

कायदा काय सांगतो?

कायदे नाहीत, अशी तक्रार आता करता येणार नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे. बालकाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेणे, त्याचा माग न काढणे आणि त्याला लक्ष्य करून जाहिराती न दाखवणे ही बंधने कंपन्यांवर घातली असून भंगासाठी २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नियम मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यांतील मुख्य बंधनांसाठी १८ महिन्यांचा अवधी दिला गेला. शिक्षणसंस्थांना शिक्षण व सुरक्षितता यांपुरती काही सवलत आहे. तिचा अर्थ शाळांनी बेफिकिरीची मुभा असा लावू नये.

२०१२ चा पोक्सो कायदा तर याहून कठोर आहे. त्याखालचा गुन्हा घडल्याचे कळल्यावर पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा आहे आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीचा असा गुन्हा दडवला, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 'शाळेची बदनामी होईल' म्हणून प्रकरण आपसात मिटवणाऱ्या मुख्याध्यापकाने आणि संस्थाचालकाने हे लक्षात ठेवावे. बदनामी गुन्ह्याने होते, तक्रारीने नव्हे.

आणखी एक गोष्ट कार्यकर्त्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. बालकावरील अत्याचाराची एखादी चित्रफीत हाती येते आणि 'बघा काय चालले आहे', 'गुन्हेगाराला पकडेपर्यंत पुढे पाठवा' अशा संतप्त ओळींसह ती शंभर गटांत फिरते. पाठवणाऱ्याचा हेतू शुद्ध असतो. पण प्रत्येक वेळी ती चित्रफीत उघडली जाते, तेव्हा त्या बालकाची विटंबना पुन्हा होते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब नुसार असे साहित्य प्रसारित करणे गुन्हा आहे आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे साहित्य जवळ बाळगण्याबाबतही कायद्याचा कठोर अर्थ स्पष्ट केला आहे. त्याला 'बालकांचे अश्लील चित्रण' न म्हणता बालकांचे लैंगिक शोषण म्हणावे, असेही न्यायालयाने सुचवले. म्हणून असे काही आले, तर पुढे पाठवू नये. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर तक्रार करावी. १०९८ हा बालकांसाठीचा आणि १९३० हा सायबर आर्थिक फसवणुकीसाठीचा क्रमांक घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. संताप व्यक्त करण्याची जागा पोलीस ठाणे आहे, गट नव्हे.

बान्सी आणि वडगाव

कायदा घटना घडल्यावर धावून येतो. घडण्यापूर्वी मुलाशेजारी बसत नाही. ते काम समाजाचे आहे. महाराष्ट्रातील दोन गावांनी ते आपापल्या परीने करून पाहिले.

वर्ध्याशेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातील बान्सी गावच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदीचा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने वेगळी वाट धरली. स्वातंत्र्यदिनापासून तेथे दररोज सायंकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की गावातले सर्व मोबाइल आणि दूरचित्रवाणी संच बंद. साडेआठपर्यंत मुलांनी अभ्यासाला बसायचे. प्रारंभी ग्रामपंचायतीचे कर्मचारी, शिक्षक, आशा कार्यकर्त्या घरोघर फिरून समजावीत होत्या. पुढे पाहायला देशविदेशांतून बातमीदार आले.

दोन्ही गावांची तळमळ सारखीच वंदनीय आहे. तरीही दोहोंतला भेद मोलाचा आहे. बान्सीचा नियम मुलांसाठी होता. वडगावचा नियम सर्वांसाठी. एकात मोठे सांगतात आणि लहान पाळतात. दुसऱ्यात भोंगा आजोबांनाही लागू आहे. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली आणि भार मुलांवर वा पालकांवर न टाकता कंपन्यांवर टाकला. भारतातही कंपन्यांना असेच बांधून घ्यावे, ही मागणी रास्त आहे. परंतु ज्या देशात एकच मोबाइल आजीपासून नातवापर्यंत सारे घर वापरते, तेथे खाते कोणाचे आणि वापर कोणाचा हे कंपनीला ओळखता येणार नाही. ते घरालाच ओळखावे लागेल.

निव्वळ बंदीची आणखी एक अडचण आहे. ज्या मुलाला 'मोबाइल घेतलास तर फटके' एवढेच ठाऊक आहे, ते मूल मोबाइलवर भयंकर काही पाहिल्यावर किंवा कोणी धमकावल्यावर घरी सांगेल का? सांगितले तर आधी 'तू मोबाइल घेतलासच का?' हा प्रश्न येणार, हे त्याला माहीत असते. म्हणून ते गप्प राहते आणि जाळे टाकणाऱ्याला हवी असते ती हीच शांतता. मुलाच्या रक्षणाचे सर्वांत प्रभावी साधन कोणत्याही दुकानात मिळत नाही. मूल घाबरून सांगायला आले, की 'सांगितलेस ते फार चांगले केलेस, यात तुझी चूक नाही,' असे म्हणण्याची आईवडिलांची तयारी हेच ते साधन. रागवायचे ते नंतरही रागवता येते. गमावलेला विश्वास परत मिळत नाही.

मुलींच्या बाबतीत तर हे दुप्पट खरे आहे. छेड काढणारा मुलगा असतो आणि शाळा, शिकवणी, मोबाइल बंद होतो तो मुलीचा. मग मुली बोलतील कशा? मुलीला कुलूप आणि मुलाला मोकळीक, याला संस्कार म्हणत नाहीत. दुसऱ्याचे छायाचित्र त्याला न विचारता काढू नये, कोणाची टिंगल पुढे पाठवू नये, हे चौथीतल्या मुलाला शिकवणे हे मुलींच्या रक्षणाचे पहिले पाऊल आहे. ही शिकवण मातृशक्तीच्या सन्मानाच्या भाषणांतून येत नाही, घरात बहिणीशी बोलण्याच्या पद्धतीतून येते.

शाळेने काय करावे, घराने काय करावे?

शाळेला नवे काही उभारण्याची आवश्यकता नाही. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शासकीय व अनुदानित शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. शासकीय शाळांच्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. राज्यात सखी सावित्री समित्या आहेत, तक्रार पेट्या आहेत, मातागट आहेत. त्या कागदावरून वर्गात याव्यात, एवढेच बाकी आहे. समितीने वर्षारंभीच काही गोष्टी ठरवाव्यात. गृहपाठ वहीत द्यावा. गट केवळ सूचनांसाठी असावा आणि त्यावर फक्त शिक्षकांनी लिहावे. मुलांचे नाव आणि चेहरा एकत्र कोठेही प्रसिद्ध करू नये. शाळेतील संगणक किंवा टॅबवर शिक्षकांनी आधी पाहिलेले साहित्यच दाखवावे आणि शोध घेण्याचे काम मुलांवर सोडू नये. शिक्षकाने स्वतःचा मोबाइल मुलाच्या हाती देऊ नये. आणि परिपाठात महिन्यातून एकदा तरी मुलांना तीन गोष्टी म्हणायला लावाव्यात: गुपित ठेव म्हणणाऱ्याचे गुपित ठेवायचे नाही, फोटो मागणाऱ्याला फोटो द्यायचा नाही, भीती वाटली की बाईंना किंवा आईला सांगायचे. पाढ्यांसारख्या पाठ झालेल्या गोष्टीच संकटात आठवतात.

घरातले नियमही थोडकेच असावेत. मोबाइल बैठकीत, सर्वांच्या देखत. झोपण्याच्या खोलीत रात्री कोणाचाच नाही. जेवताना कोणीही नाही. मुलासाठी वेगळे, पालकांच्या देखरेखीखालचे खाते. आपोआप पुढची चित्रफीत लावण्याची सोय आणि खेळातले परक्यांशी संभाषण बंद. पैशाच्या व्यवहाराचा सांकेतिक अंक मुलाच्या नजरेआड. मात्र हे नियम पवनारच्या रीतीने, सर्वसंमतीने ठरावेत. 'कोणी'मध्ये वडीलही येतात, हे वडिलांनी कबूल केले तरच मूल ते पाळील.

येथे कार्यकर्त्यांच्या घरांना एक अप्रिय प्रश्न विचारणे भाग आहे. संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने पंच परिवर्तनाचा जो आग्रह धरला गेला, त्यात कुटुंब प्रबोधन आहे. आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र बसून भोजन, भजन, संवाद, असे आपण इतरांना सांगतो. त्या वेळी कार्यकर्त्याचा स्वतःचा मोबाइल कोठे असतो? बैठकीचा निरोप, वृत्ताची कात्रणे, गटावरचे वादविवाद यांत रात्रीचे अकरा वाजवणाऱ्या पित्याने मुलाला 'मोबाइल ठेव' म्हटले, तर मूल ऐकते ते शब्द नव्हेत, पाहते ती कृती. राष्ट्रकार्यासाठी वापरलेला मोबाइल आणि करमणुकीसाठी वापरलेला मोबाइल यांतला फरक सात वर्षांच्या मुलाला दिसत नाही. त्याला दिसतो तो पडद्याकडे झुकलेला बाबांचा चेहरा.

ज्यांना सोबत नाही, त्यांचे काय?

या सर्व उपायांवर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. वर्धा जिल्ह्यात कापूस वेचणीच्या दिवसांत आई सकाळी शेतात जाते ती तिन्हीसांजेला परतते. वडील गावाबाहेर कामाला. घरात धाकटे भावंड आणि मोबाइल. शहरातील दोन खोल्यांच्या घरात, दोघेही नोकरीवर असताना, चित्र वेगळे नाही. या आईला 'मुलाशेजारी बसा' असे सांगणे ही थट्टा आहे. तिच्यासाठी मोबाइल ही चैन नाही. मूल रस्त्यावर जाऊ नये म्हणून नाइलाजाने नेमलेली दाई आहे.

तिला उपदेश नको, पर्याय हवा. आणि तो समाजाने उभा करायचा आहे. याच वर्ध्यात १९३७ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीम पुढे आली. हाताने काम करत करत शिकणे, हे तिचे सूत्र. विनोबांनी शिक्षणाची त्रिसूत्री सांगितली: योग, उद्योग, सहयोग. चित्त स्थिर करणे, हातांना काम देणे, इतरांसह जगायला शिकणे. पडद्यासमोर बसलेल्या मुलाकडून नेमक्या याच तीन गोष्टी हिरावल्या जातात. चित्त क्षणाक्षणाला उडते, हात रिकामे राहतात आणि मूल एकटे पडते. याच वर्ध्यात १९३६ च्या विजयादशमीला वंदनीय मावशी केळकर यांनी राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली. वैधव्य, मुलांचे संगोपन आणि घरचा व्याप सांभाळत त्यांनी घराघरांतल्या स्त्रियांना एकत्र आणले. आज त्या कार्याचा वारसा सांगणाऱ्यांपुढे एक साधे काम वाट पाहत आहे. सायंकाळी पाच ते सात या वेळेत वस्तीतल्या मुलांसाठी दोन तास. मैदान असेल तर मैदान, नसेल तर मंदिराचा सभामंडप किंवा समाजमंदिर. खेळ, गोष्ट, पाढे, माती, सुई-दोरा, बागकाम. बालशाखा, संस्कार वर्ग, वाचनालय, नाव काहीही असो. त्यात सर्व जातींची, सर्व घरांची मुले यावीत आणि ज्या मुलाची आई शेतातून यायची आहे, ते सर्वांत आधी यावे. या दोन तासांसाठी देणगी लागत नाही. दोन प्रौढ माणसांचा वेळ लागतो. आणि तेथे मुलांबरोबर असणारी माणसे समाजाच्या माहितीतली, एकटी नव्हे तर दोघे-तिघे मिळून असावीत, हेही पथ्य पाळावे; कारण मुलांना धोका नेहमी परक्याकडूनच असतो, असे नाही.

'पाश्चात्य संस्कृतीचे आक्रमण' असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. परदेशी कंपन्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण मुलाला मोबाइल परदेशी कंपनीने आणून दिलेला नाही. आपल्याला वेळ नव्हता म्हणून आपण दिलेला आहे. दिलेला मोबाइल काढून घेतला, तर त्या जागी वेळ द्यावा लागेल. दुसरे काही त्या जागेत बसत नाही.

वडगावात सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवायला मंदिर होते आणि ठराव करायला ग्रामसभा. प्रत्येक गावात तेवढी एकी होईलच असे नाही. पण घर तर प्रत्येकाचे आहे. आज सायंकाळी सात वाजता वडिलांनी आपला मोबाइल बंद करून कपाटात ठेवला आणि मुलाजवळ बसून 'आज शाळेत काय झाले?' असे विचारले, तर तेवढ्या घरापुरता भोंगा वाजला म्हणायचा.